कार्निव्हलच्या सोमवारचा उसासा

दुसरा उसासा ऐकू आला आणि शेवटच्या रांगेतला म्हातारा हसला.

मोठ्यानं नाही. पण राजधानी क्विटोच्या त्या सभागृहात तेवढंही पुरलं. अख्खी सभा मागं वळली. हसणारे डॉक्टर एफ्राइन मोंकायो होते. देशातल्या पक्ष्यांवरचं जाडजूड पुस्तक त्यांचंच. यंत्रापेक्षा त्यांच्या कानांवर लोकांचा भरवसा जास्त. व्यासपीठावर उभ्या नूबिया सारांगोनं ध्वनिमुद्रण थांबवलं.

"चालू दे, पोरी," म्हातारा हात हलवत म्हणाला. "छान वाजतंय."

वाजतंय? पक्षी कधी वाजतो का?

नूबिया दक्षिणेकडच्या लोहा शहराची, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. शनिवार-रविवारच्या या परिषदेसाठी शुक्रवारचा अख्खा दिवस बसमध्ये घालवून आली होती आणि मावसबहिणीच्या आखूड सोफ्यावर पाय दुमडून झोपली होती. सगळं त्या सुस्पिरोपायी. सुस्पिरो म्हणजे उसासा. पक्षी दिसायला मातकट, राहायला गच्च झाडीत, आणि आवाज असा की एखादी बाई सगळं आवरून टेकली आणि तिनं सुस्कारा सोडला. लोहाच्या डोंगरात कित्येक वर्षांत तो कुणी ऐकला नव्हता. संपला, असंच सगळे धरून चालले होते. नूबियाला मात्र चैन पडेना. सुटी मिळाली की ती आवाज टिपायचं यंत्र घेऊन अग्वा नेग्राच्या घळीत जाऊन बसायची. यंदा त्या यंत्रात दोन उसासे उतरले. एक जवळचा, ठसठशीत. त्यामागून दुसरा, समोरच्या उतारावरून, पुसट. साद आणि उत्तर. म्हणजे जोडी!

तिचे सर सहजासहजी हुरळणारे नव्हते. "मोंकायो हो म्हणाले तर हा तुझा प्रबंध," ते म्हणाले होते. "नाही म्हणाले तर बेडूक घे. बेडूक निदान ओरडतात तरी."

भाषण संपलं. टाळ्या पडल्या, पण जेवढ्यास तेवढ्या. मोंकायो हसले होते ना! कॉफीच्या टेबलापाशी क्विटोचा एक विद्यार्थी तिला म्हणाला, "तुम्ही लोहावाले बोलता की गाता गं? मला वाटलं, पक्ष्याचा आवाजही तूच काढतेस."

"आणि तुम्ही नाकातून बोलता ते थंडीनं, की मुळातच तसे?" नूबियानं सुनावलं.

तेवढ्यात डॉक्टर मोंकायो आले. एका हातात मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेली वाफाळती ऊमिता. दुसऱ्या हातानं त्यांनी तिला खिडकीपाशी नेलं.

"हे कार्निव्हलच्या सोमवारचं, हो ना?"

नूबिया चपापली. दिवस तिनं सांगितलाच नव्हता. कार्निव्हलला सगळं लोहा एकमेकांच्या अंगावर बादल्या ओततं. कुणी भिजतं, कुणी दारं लावून बसतं. पक्षीवेडे तेवढे रानात पळतात. तीही पळाली होती.

डॉक्टरांनी ओठ पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि हलकेच शिट्टी घातली. तोच उसासा. पहिला, ठसठशीत. चढाव तोच, सुस्कारा तोच.

"तो मी होतो," ते म्हणाले.

नूबियाच्या कपातली कॉफी बशीत सांडली. सगळी धडपड, आणि हाती काय लागलं? या म्हाताऱ्याचे दोन ओठ.

"तुझ्या मागच्या कड्यावर होतो मी. आपल्या पक्षीवेड्यांची खोड तुला ठाऊकच आहे. साद घालायची आणि कान टवकारून बसायचं. वर्षानुवर्षं घालतोय. त्या दिवशी उत्तर आलं! बायकोचं नाव आठवेना. मग खाली पाहिलं, तर ओढ्याशी तुझा पिवळा रेनकोट. म्हटलं, हात्तिच्या! ही पोर मला पक्षी समजतेय आणि मी हिला! अशी लाज वाटली की गुपचूप उतरलो आणि घरी गेलो. आज इथं ऐकलं आणि हसू आवरेना. माफ कर हं."

नूबियाच्या डोळ्यांसमोर बेडूक जमू लागले.

"मी सभेत काही बोलणार नाही," डॉक्टर मायेनं म्हणाले. "तूच मागं घे. रडू नकोस. तुझ्या वयात मी एका फाटकाच्या कुरकुरीवर अख्खा लेख लिहिला होता. छापूनही आला."

ती मान हलवून वळली. डॉक्टरांनी ऊमितेचा घास घेतला. पण मास्तरकी कुठली सुटायला!

"एक सांगू? जमलीय तुला. फक्त शेवटचा सूर घसरतो. खऱ्या सुस्पिरोचा घसरत नाही. निदान पुस्तकात मी तसं लिहिलंय. थोडा सराव कर."

नूबिया थांबली.

"कुणाचा सूर, डॉक्टर?"

"तुझा गं. तो दुसरा उसासा. ओढ्याच्या बाजूनं आलेला. तूच ना ती?"

नूबियानं कप खिडकीत ठेवला.

"डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "आमच्या घरी मुलींनी शिट्टी वाजवायची नसते. मला अजूनही येत नाही."