तालीम चाललीय

तारकेशचा पहिला ठोसा शेफालीच्या जबड्यावर बसला, तशा फळ्यांच्या भिंतीपलीकडून शेजारच्या माशीमा म्हणाल्या, "आला बाई रथ! तालीम सुरू झाली."

चितपूरच्या त्या चाळीत नाटकवालेच राहायचे. रथयात्रा झाली की जात्रेच्या, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या बंगाली लोकनाट्याच्या, सगळ्या कंपन्यांच्या तालमी सुरू व्हायच्या आणि घराघरांतून रडणं-ओरडणं ऐकू यायचं. लग्नानंतर शेफालीनं पहिल्यांदा मार खाल्ला तेव्हा शेजारीपाजारी धावत आले होते. तारकेश दारात उभा राहून हसला होता. "तालीम हो, माशीमा!" तेव्हापासून मेला मारताना ती नाटकात करायची त्या खिरोदाची वाक्यं तिला म्हणायला लावायचा.

"म्हण!" त्यानं तिचे केस मुठीत धरले.

"मारू नका हो!" शेफाली ओरडली. "मासा मांजरानं नेला!"

"मोठ्यानं गं, बौमा!" पलीकडून सूचना आली. "मागच्या रांगेला नको का ऐकू यायला?"

माशीमांना खिरोदाची गोष्ट तोंडपाठ होती. जमीनदार माशावरून बायकोचा गळा दाबतो. ती भूत होऊन येते, विळीवर बसते, त्याला जेवायला बोलावते आणि चिरते. मासिकाच्या पूजा अंकात ती गोष्ट वाचली तेव्हा कितीतरी दिवस माशीमा एकट्या स्वयंपाकघरात गेल्या नव्हत्या, कारण त्यात जमीनदार हूं की चूं न करता मरतो. रेडिओवरच्या नाटकात तो एकदाच किंचाळतो. जात्रेत मात्र तारकेश मरता मरत नसे. "मरतोय की निवडणुकीला उभा राहिलाय!" असं त्या त्याच्या तोंडावर म्हणायच्या.

शेफालीला रेडिओच आवडायचा. तिथे तारकेश माइकच्या पलीकडे उभा असे, आणि गळा दाबल्याचा आवाज शेवग्याच्या ओल्या शेंगा मोडून काढत. त्याचा हात तिच्यापर्यंत पोचत नसे. जात्रेत थप्पड खरी असायची आणि लोक टाळ्या पिटायचे. आता त्याच गोष्टीचा सिनेमा निघत होता. सिनेमावाले सकाळीच येऊन गेले. त्यांना खिरोदा म्हणून शेफाली हवी होती, पण जमीनदार दुसराच ठरला होता.

तारकेशनं तिचं डोकं चुलीच्या कट्ट्यावर आपटलं. पोटात लाथ घातली. मग छातीवर बसून दोन्ही हातांनी गळा धरला. आज तो जमीनदाराचं एकही वाक्य म्हणाला नाही. तेव्हा शेफालीला कळलं की आज हा आपल्याला जिवंत सोडत नाही.

ती जीव खाऊन ओरडली, "माशीमा, वाचवा! हा मला मारतोय!"

"हे नवीन घातलंय वाटतं?" माशीमा म्हणाल्या. "छान आहे गं!"

गळ्याभोवतीची बोटं आवळली आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. चाचपडणाऱ्या हाताला अर्धवट चिरलेला इलिश मासा लागला, आणि त्याच्या बाजूला विळीचा पाट. तिनं पाट धरला आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून विळी त्याच्या मानेवर हाणली.

शेंगा मोडल्यासारखा आवाज नाही आला. आवाज आलाच नाही. गळ्यावरची बोटं सैल झाली. तारकेशनं तोंड उघडलं, पण त्यातून फक्त रक्त आलं. तो कुशीवर कलंडला, टाचा घासल्या आणि थांबला. माशाचे खवले रक्तात तरंगत होते.

शेफाली भिंतीला टेकून बसली.

"झालं?" माशीमांनी विचारलं. "अगं, मग तुझं वाक्य कुठाय?"

शेफालीनं दोनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा चिरक्या आवाजात शब्द फुटले, "बसा जेवायला. आज मासा मोठा आहे."



"अगं बाई, काटा आला अंगावर!" माशीमा म्हणाल्या. "आणि तारकेशला सांग, आज मेलास खरा! अगदी पुस्तकातल्यासारखा."