थेट जळगाव

कॅप्टन बोडसांच्या मांडीवरच्या छोट्या जीपीएसचा बाण विमानाच्या स्वतःच्या दिशादर्शक काट्यापेक्षा अडतीस अंश डावीकडे होता. बाहेर नुसते ढग.

"ठरलेल्या मार्गाचा वळसा टाळू. याच्या भरवशावर थेट जळगाव गाठू," कॅप्टन म्हणाले. मागच्या सीटवर मुंडावळ्या बांधून त्यांची भाची बसली होती. मुहूर्त तासाभरावर आला होता आणि तिला बोहल्यावर नेणारे मामा तेच होते.

ढगात असल्या हातातल्या यंत्रावर विमान न्यायची परवानगी नसते, हे सहवैमानिक रेवतीला दोन वर्षांपासून त्यांना सांगायचं होतं. आजही तिने नुसता बाण दाखवला. "सर, हा नाशिककडे चाललाय."

"त्याला कळतं. रविवारी यानेच मला मिसळीच्या दुकानाच्या दारात नेऊन सोडलं."

रेवतीने पडदा नीट वाचला. "तो अजून तिथेच निघालाय, सर."

"मामा," मागून शांत आवाज आला, "मला मिसळ नको, नवरा हवाय."

"बदलतो की पत्ता." कॅप्टन भराभर बटणं दाबू लागले. यंत्राने जरा विचार केला आणि जवळचा पेट्रोलपंप सुचवला.

तेवढ्यात रेडिओवर कंट्रोलरने विचारलं, "थेट जळगावला जाऊ शकाल का?"

कॅप्टननी रेवतीला अंगठा दाखवला, म्हणजे हो म्हण. तिने बोलायचं बटण दाबलं.

"नाही," ती म्हणाली. "विमानात थेट येण्यासाठी लागणारी मान्यताप्राप्त यंत्रणा नाही, फक्त नवरीचे मामा आहेत. आम्ही ठरलेल्या मार्गानेच येतो."