नानांनी चिकटवलेले टायर

चाकात हवा भरताना कामिनीला व्हॉल्व्ह वाकडा दिसला. काल संध्याकाळी रुपचंदनानांच्या दुकानातून चाक आणलं तेव्हा तो सरळ होता. घरापासून धुळ्याबाहेरच्या या मैदानापर्यंत तिने जेमतेम पाच-सहा वेळा ब्रेक दाबला असेल. तेवढ्यात टायर रिमवरून सरकला होता.

शर्यतीच्या सायकलचे हे टायर रिममध्ये अडकवलेले नसतात. आत ट्यूब ठेवून ते शिवलेले असतात आणि रिमवर नुसत्या सोल्युशनने चिकटवलेले. सोल्युशनने सोडलं की टायर सुटला.

तिने हवा काढली आणि दोन्ही अंगठ्यांनी टायर बाजूला रेटला. चार बोटांएवढा भाग रिमवरून अलगद उठला.

शर्यत सुटायला वीस मिनिटं होती. लळिंगचा घाट चढायचा, पलीकडून वळसा घ्यायचा आणि तोच घाट उतरून यायचा. दोन वर्षं बायकांत ती दुसरी आली होती. दोन्ही वेळा जिंकलेली नाशिकची मुलगी यंदा आलीच नव्हती. तिच्याबरोबर पोस्टात काउंटरवर बसणाऱ्या बायकांनी पेढे कुठून आणायचे तेसुद्धा ठरवून टाकलं होतं. हवा गच्च भरून, जपून उतरलं तर? तिने टायर परत रेटला. तो परत उठला.

रुपचंदनाना चहाच्या टपरीजवळ उभे होते. वय अडुसष्ट. धुळे-जळगावात असे टायर बसवणारा माणूस तीस वर्षं एकच होता. कामिनीने चाक त्यांच्यापुढे धरलं.

नानांनी त्या जागेवर अंगठा फिरवला. "पक्कं शे, बेटा."

"नाना, बघा तरी."

त्यांनी पाहिलं. कड उठलेली डोळ्यांना दिसत होती आणि अंगठा अजून तिच्यावरच होता. त्यांनी हात मागे घेतला.

"कधीपासून?" कामिनीने हळूच विचारलं.

"दिवाळीपासून. शुगर शे ना. बोटस्ले काही समजत नही."

"आणि तरी टायर बसवत होता?"

"घड्याळ देखीसन."

सोल्युशन किती वाळलं की टायर बसवायचा, हे नाना अंगठा टेकवून ठरवत. ओल्यावर बसवला तर टायर सरकतो, जास्त वाळल्यावर बसवला तर धरत नाही. घड्याळाला त्यातलं काय कळणार. कामिनीला राग आला आणि लगेच तिने मैदानाकडे पाहिलं. पन्नास जणांत नऊ जण असल्या टायरांवर होते. नऊही नानांचे.

"मी सांगते सगळ्यांना," ती म्हणाली. "यावेळचं सोल्युशनच खराब निघालं म्हणून."

"सोल्युशन चांगलं शे." नानांनी चाक तिच्या हातात परत दिलं. "बठ्ठास्ले सांगनं पडी. मीच सांगस."

शर्यत भरवणारा धनसिंग नावं पुकारत होता. नानांनी त्याच्या हातातला माइक मागून घेतला. माइकवर ते शाळेतल्यासारखं शुद्ध मराठीत बोलले.

"ज्यांचे टायर मी चिकटवले, त्यांनी आज घाटात जायचं नाही. माझ्या हाताला आता समजत नाही."

एवढंच बोलून त्यांनी माइक परत दिला.

एकाजवळ चाकांची जादा जोडी होती, तो गाडीकडे धावला. बाकीच्यांनी टायर रेटून पाहिले. कुणाचा पुढचा उठला, कुणाचा मागचा. एकेकाने सायकल आडवी घातली. राहिला नवल. हा सावद्याचा केळीचा व्यापारी, चाळिशीचा. आदल्या दुपारीच येऊन मुक्काम केला होता. त्याने दोन्ही चाकं जागोजाग दाबली.

"नाना, माझा हलत नाही."

"आते नही हालत. घाटमा ब्रेक दाबीसन रिम तापी, सोल्युशन ढिलं पडी तव?"

"तीन महिने राबलोय मी यासाठी."

नवल सायकलवर बसला. नाना त्याच्या हँडलपुढे जाऊन उभे राहिले आणि बाजूला झाले नाहीत. नवलने धनसिंगकडे पाहिलं. धनसिंग कागदावर खाली बघत होता. नवल सायकलवरून उतरला.

सात वाजता झेंडा पडला. बेचाळीस सायकली निघून गेल्या. साखळ्यांचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग हायवेवरच्या ट्रकांत मिसळून गेला.

मागे राहिलेले आठ जण लिंबाखाली बसले. कामिनीने आपला टायर ओढला. तो एका दमात पुरा फिरून हातात आला. नाना बघत होते.

"तीस वर्षं," ते म्हणाले, "टायर काढताना लोके माले शिव्या देत."

एकेकाने आपापले टायर काढायला घेतले. कुठे थोडा जोर लागला, पण सगळे निघाले. फक्त नवलचा निघेना. त्याने अंगठे लावले, मग रिमवर पाय देऊन दोन्ही हातांनी ओढलं. पुढचा निघाला नाही, मागचाही नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. घाटच काय, दोन घाट उतरले असते तरी हे टायर सुटले नसते. ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

"राहू दे, नवलभाऊ," कामिनी म्हणाली.

नवलने ऐकलं नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता. चाक मातीत सरकत होतं आणि तो त्याच्यामागे सरकत होता.

नाना उठले. गुडघ्यांवर हात देत त्याच्यासमोर खाली बसले आणि रिम दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली.

"वढ," ते म्हणाले. "मी धरेल शे."