दिसेल ते बोल

"पुढे तू चाल," एलादिओकाका म्हणाले, "आणि दिसेल ते बोलत राहा. मनात ठेवायचं नाही."

झाली परीक्षा सुरू, असं योर्लेनीला वाटलं. निघताना वनठाण्याच्या प्रमुख सिनियाबाईंनी बजावलंच होतं, "परत आलात की दिवसभरात काय झालं ते मला खरंखरं सांगायचं. त्यावरून ठरवू." काय ठरवणार, ते विचारायची गरजच नव्हती. एकवीस वर्षं राजधानीत, सान होसेच्या बाजारात बटणं, दोरे आणि चेन विकणाऱ्या बाईला अभयारण्यात राखणदार म्हणून ठेवायचं की परत पाठवायचं, दुसरं काय. आणि परत जायला दुकान उरलं नव्हतं. मालकाने ते मोबाइलवाल्याला देऊन टाकलं होतं. बेचाळिसाव्या वर्षी तिला दुसरं कोण दारात उभं करणार?

काकांनी एका हातात काठी घेतली, दुसऱ्याने तिच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा धरला.

"शहरातली माणसं भलतीकडे भरकटतात," ते म्हणाले. "मग शोधत कोण बसणार?"

एकतीस वर्षं या डोंगरावर गस्त घातलेला माणूस. त्यांना काय बोलणार? योर्लेनीने राग गिळला आणि चालू लागली.

"चिखल आहे," ती म्हणाली.

"इथे चिखल नाही अशी जागा दाखव, बाई. चिखलात काय आहे?"

ती वाकली. "ठसे. तीन बोटांचे, माझ्या तळहाताएवढे. कडा अजून मोडल्या नाहीत, आत पाणीही साचलेलं नाही."

"तापीर, आखूड सोंडेचा. पहाटे गेलाय. वहीत लिही, तुझं अक्षर बरं असेल."

पुढे एका फांदीवर पक्षी बसला होता. आठवडाभर पुस्तक पाठ करूनही ऐन वेळी एक नाव आठवेल तर शपथ.

"पक्षी आहे. नाव नाही माहीत."

"नाव विचारलं मी?"

"पोट लाल. पिकलेल्या कॉफीच्या फळाचं असतं ना, ते लाल. छातीवर पांढरी पट्टी, फितीएवढी. शेपटीला खालून बारीक काळ्या-पांढऱ्या रेघा, पुरुषांच्या शर्टाच्या कापडाला असतात तशा."

काका हसले. "त्रोगोन. नर आहे. छान."

सगळं माहीत असून मुद्दाम विचारतात, म्हणून ती मनातून चिडली. ते 'छान' मात्र तिने जपून ठेवलं.

ओढ्यावरच्या पुलाशी काका थांबले. "आता?"

"डावीकडची फळी निखळलीय."

"मग मी पाय कुठे ठेवू?"

लहान मुलालाही विचारणार नाहीत असले प्रश्न. तरी तिने उत्तर दिलं, "उजवीकडे, कठड्याला लागून. तिसरं पाऊल जरा लांब टाका." काकांनी तस्संच केलं. ती स्वतः मात्र नव्या रबरी बुटांत घसरली आणि चक्क बसली.

दुपारी चढावर पट्ट्याला जोराचा हिसका बसला.

"थांब. हलू नकोस."

"का?"

"ते पक्षी ऐक. जमिनीवरच्या कशाला तरी शिव्या घालतायत. पुढची तीन पावलं नीट बघ."

नुसता पाचोळा होता. मग एका जागी तिची नजर अडली. पाचोळा कसाही पडतो. इथे मात्र नक्षी सरळ ओळीत होती, त्रिकोणापुढे त्रिकोण, छापील कापडासारखी.

"काका, साप. वेटोळं घालून बसलाय. दोन पावलांवर."

"हळू मागे ये. माझ्या पायावर पाय पडला तरी चालेल."

लांबचा वळसा घालून ते वर पोचले, तेव्हा योर्लेनी खाली बसली आणि रडली.

"रडून घे," काका शेजारी टेकत म्हणाले. "मला पहिल्या वर्षी उलटी झाली होती."

ऊन कलता कलता ते ठाण्यावर आले. सिनियाबाईंनी तिच्यापुढे गुळाचं गरम पाणी ठेवलं आणि कागद ओढला. काका 'वाटेत साप होता' एवढंच सांगून स्वयंपाकघरात गेले.

"साप कोणी पाहिला?"

'मी' म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. एका शब्दात नोकरी पदरात पडत होती. योर्लेनीने पेला खाली ठेवला.

"पाहिला मी. पण थांबवलं काकांनी. ते पक्षी माझ्याही कानावर पडत होते, मला काही कळलं नाही. काका नसते तर मी त्याच्यावरच पाय दिला असता."

"पुलावर काका अडखळले?"

"नाही."

"दिवसभरात कुठे?"

"एकदाही नाही. पडले ते मी, पुलावर." एवढं बोलल्यावर राहिलेलंही तिने सांगून टाकलं. "बाई, माझी परीक्षा गेली हे मला कळतंय. पण अजून एक महिना त्यांच्याबरोबर फिरू द्या. मला शिकायचंय, आणि ते शिकवतात."

सिनियाबाईंनी कागदावर दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि आत हाक मारली, "काका, भरलेली बॅग रिकामी करा. उद्या सहाला याच बाईंबरोबर निघायचंय."

स्वयंपाकघरातून नाक शिंकरल्याचा आवाज तेवढा आला.

"तुमची नेमणूक सोमवारीच झाली," सिनियाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "आज परीक्षा काकांची होती, वर्ष झालं त्यांना काहीच दिसत नाही."