जावयाचा पास्ता

भावी सासऱ्यांनी मेनूकार्ड हातभर लांब धरून मोठ्यांदा वाचलं, "जावयाचा पास्ता." मग टेबलावर थाप मारून म्हणाले, "घ्या, आपण येणार हे यांना आधीच कळलं होतं. जावईबापूंना हाच मागवू."

सासूबाई हसल्या, नवरी लाजली. जावईबापू तेवढे हसले नाहीत. त्यांनी मघापासून तोंड कार्डामागे लपवलं होतं. बाहेरचा बोर्ड नवा, रस्ता नवा, म्हणून ते बिनधास्त आत शिरले, आणि गल्ल्यावरच्या बाईंशी नजरानजर होताच ते मागे वळले. पण तोवर सासऱ्यांनी खुर्ची ओढून दिली होती.

"आधी आला होतास का रे इथे?" नवरीने विचारलं.

"छे. पहिल्यांदाच."

ऑर्डर घेणारी, या घरची थोरली मुलगी, शेजारीच उभी होती. आई गल्ल्यावर, बाबा शेगडीशी आणि थोरली टेबलांवर, असा या हॉटेलचा कारभार. तिने ते 'पहिल्यांदाच' नीट ऐकलं आणि विचारलं, "पाणी साधं की गार?"

ती आत गेली तेव्हा आई तिच्या आधीच पोचली होती. "आलाय," आई म्हणाली. "नवी सासुरवाडी घेऊन आलाय."

बाबांनी लाल तिखटाचा डबा पुढे ओढला. तो पास्ता त्यांनीच याच्यासाठी शोधून काढलेला, आणि थोरलीचं याच्याशी लग्न ठरलं तेव्हा नावही त्यांनीच हौसेने ठेवलेलं. लग्न मोडल्यावर, हॉटेल या नव्या जागी हलवताना, ते नाव खोडायला निघाले होते, तर आईने हात धरला. "राहू दे. कधीतरी त्याला ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचू दे," असं ती तेव्हा म्हणाली होती.

"चांगल्या दोन पळ्या घालतो," बाबा म्हणाले. "ठसका लागून मेला तरी चालेल."

"नाही," थोरली म्हणाली. "नीट करा. तेव्हा करायचात तसाच. चीज नको, लसणाची फोडणी वेगळ्या वाटीत."

"त्याला नीट रांधून घालू?"

"तिखटाचं काय, पाणी पिऊन मोकळा होईल तो."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग डबा मागे सरकवून कढई तापत ठेवली. थोरलीला राग आला होता, आणि राग आल्याचं तिला बरं वाटत होतं. इतके दिवस नुसतं रडूच यायचं.

सुपाला फोडणी आणि पिझ्झ्यावर चटणी असला इथला मामला, त्यामुळे नवे लोक जरा बिचकत. म्हणून घरचा एक नियमच होता. जो बशी घेऊन जाईल त्याने टेबलापाशी उभं राहून त्या पदार्थाची कूळकथा सांगायची. थोरलीने पास्ता जावईबापूंपुढे ठेवला, झाकलेली वाटी शेजारी ठेवली आणि हात मागे बांधून उभी राहिली.

"नाव मजेशीर आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "कसं सुचलं?"

"एकजण यायचे आमच्याकडे. त्यांना चीजचा वास सहन होत नाही, म्हणून बाबांनी हा त्यांच्यापुरता केला. रोज यायचे. पुढे लग्न ठरलं, घरात सगळे त्यांना जावई म्हणायला लागले. त्यांनाही आवडायचं ते."

"मग?" नवरीने विचारलं.

"मग लग्न तोंडावर आलं आणि त्यांचा निरोप आला. 'मी तिथे फक्त जेवायला जायचो.'"

सासऱ्यांनी घसा खाकरला. सासूबाई कळवळून म्हणाल्या, "काय मेली माणसं असतात एकेक. ज्या घरचं खाल्लं त्या घराला असं बोलायचं?"

जावईबापूंनी मान खाली घातली होती. कुणाकडे बघायला नको म्हणून त्यांनी वाटी पुढे ओढली. झाकण काढलं, फोडणीतली मिरची उचलून झाकणावर ठेवली, आणि फोडणी पास्त्याच्या कडेकडेने गोल ओतली. हाताला सवय होती, हाताने केलं.

"नवीन माणूस ती फोडणी सूप समजून पितो," थोरली म्हणाली. "नाहीतर विचारतो तरी, याचं काय करायचं."

नवरीने झाकणावरच्या मिरचीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "तुला कसं कळलं रे?"

त्याने झाकण बशीमागे सरकवलं.

"तुलाही चीज चालत नाही," ती सावकाश म्हणाली.

"अगं, तसं काही नव्हतं," तो म्हणाला. आवाज चिरका झाला होता. "यांनीच वाढवून ठेवलंय. मी इथे फक्त जेवायला यायचो."

सासऱ्यांनी आपला चमचा खाली ठेवला. सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. स्वयंपाकघराच्या दारात बाबा येऊन उभे होते, हातात पळी तशीच. आईही गल्ला सोडून त्यांच्यामागे आली होती.

थोरलीने बशी त्याच्यापुढे आणखी थोडी सरकवली.

"मग जेवा," ती म्हणाली.

कुणीच उठेना. शेवटी त्याने चमचा उचलून एक घास घेतला. मीठ, तिखट, लसूण, सगळं अगदी बरोबर होतं. तो तेवढा एकच घास चावत राहिला, आणि सगळे त्याच्याकडे बघत राहिले.