टिकली

अश्विनीला राहात्याचं स्थळ आलं होतं. मुलगा, हर्षल, तिला स्पोर्ट्स कारमधून फिरवायला निघाला आणि रीत म्हणून मला, तिच्या आजोबाला, मागच्या चिंचोळ्या सीटवर कोंबलं.

वाटेत टायरमध्ये हवा कमी असल्याचा दिवा लागला. "सेन्सरच येडा हाय, दोनदा बदलला," म्हणत हर्षलनं अश्विनीच्या कपाळावरची टिकली काढून दिव्यावर चिकटवली. हवा मोजावी, असं मला वाटलं. पण गाड्यांतलं आपल्याला काय कळतं, म्हणून पट्टा तेवढा आवळून घेतला. भिंगारपाशी टायर फुटला आणि गाडी दुभाजकावर चढली.

घरी सून म्हणाली, "टायर कुणाचाही फुटतो. एवढं मोठं स्थळ सोडू नको गं."



"कपाळ तर त्यानं आजच मोकळं केलं, आई. त्यासाठी लग्न कशाला करू?"