सैल धनुष्य

दुखण्यातून उठल्यापासून ऑरिनला स्वतःचं धनुष्य ओढवेना. तो दुपारी आडवा झाला, की त्याची बायको लव्हॉन धनुष्याचा ताण कमी-जास्त करणारे स्क्रू थोडे सैल करून ठेवायची. मग दोरी सहज मागे यायची.

“बघ, ताकद येतेय परत!” तो म्हणायचा. ती हसायची.

हरणांचा हंगाम लागला. ऑरिन रोज झाडावरच्या मचाणावर जाऊन बसायचा आणि रिकाम्या हातांनी परतायचा.

शेवटच्या दिवशी ती चिडवत म्हणाली, “एवढा मोठ्या शिंगांचा नर तुझ्या मचाणाखालून गेला, मी खिडकीतून पाहिला. झोपला होतास का, म्हाताऱ्या?”

ऑरिननं धनुष्य खुंटीला अडकवलं.

“इतक्या सैल धनुष्यानं हरीण मरत नाही गं. नुसतं जखमी होऊन तडफडत राहतं.”